एकाच दाराचा खुराडा

मी खुराडा. महाडजवळच्या नाते गावातल्या तुळजाबाईच्या पडवीतला. कबुली द्यायला बोलतोय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म हट्टातून झाला. जानू सुताराने "उद्या येतो" म्हणत तुळजाबाईला महिनाभर टोलवलं. शेवटी तिने त्याच्याच घरून करवत उचलून आणली. "तुझे हात मोडलेत, माझे नाय," असं त्याच्या तोंडावर सांगून. फणसाच्या फळ्या आणि गंजके खिळे, एवढ्यावर तिने मला उभा केला. माझी एक बाजू बोटभर तिरकी आहे. कुणी बोट दाखवलंच तर म्हणायची, "कोंबड्यांनी तक्रार केली नाय अजून."

मला दार एकच. पुढे. त्याला जाड कडी. मुंगूस आलं, उदमांजर आलं, फळ्या ओरबाडून गेलं. तेरा वर्षांत माझ्या पोटातलं एक पिल्लू कुणाला मिळालं नाही. रायगडाच्या वाटेवरचं आमचं गाव, तेव्हा मीही एक किल्लाच, अशी हवा माझ्या अंगात शिरली होती.

नवी कोंबडी आणली की तुळजाबाईची रीत ठरलेली. दिवसा सोडली तर जुन्या तिला टोचून टोचून रक्तबंबाळ करतात. म्हणून दिवेलागण झाली, सगळ्या पेंगल्या, की नवी गुपचूप आत सरकवायची आणि कडी लावायची. सकाळी जुन्यांना वाटतं, ही आपलीच. ही युक्ती दरवेळी जमली, आणि तिचं श्रेय मीही घेत आलो.

पुढे तिचे गुडघे गेले, मागोमाग कोंबड्या गेल्या. मी रिकामा पडलो. मग सहावीतल्या नातीसाठी, अंकितासाठी, मुंबईच्या मामाने एक गिनीपिग आणली. तांदळाच्या फेणीसारखी पांढरी, म्हणून नाव फेणी. तुळजाबाईने चष्मा पुसून पाहिली. "हा तर शेपूट विसरलेला उंदीर!" म्हणाली. पण रोज कोवळं गवत तीच कापून आणायची. फेणी घरात खोक्यात राहायची; मी रिकामाच.

दुसरी आली मदिहाकडून. महाडच्या शाळेत अंकिताच्या बाकावर बसणारी मदिहा. तिचे वडील उबेद कुवेतला असतात. त्यांनी घरच्यांना तिकडे बोलावून घेतलं. जाण्याआधी ती आपली तपकिरी चिकू ओढणीत गुंडाळून घेऊन आली.

"दर जुम्म्याला फोनवर दाखवायची. शप्पथ?"

"शप्पथ," अंकिता म्हणाली. दोघी रडल्या. चिकू ओढणी कुरतडत होती.

फेणीला चिकू पहिल्या नजरेतच खपली नाही. दात कटकट वाजवत ती अंगावर धावली. अंकिताने दोघींना वेगळं केलं. "आजी, आधी मधे जाळी लावून शेजारी शेजारी ठेवायचं. वास ओळखीचा झाला की मग हळूहळू एकत्र. मी वाचलंय."

"वाचलंय म्हणे! मी शाळेचं तोंड न बघता वाचायला शिकले, तू मला शिकवते होय गो? पन्नास वर्षं कोंबड्या नांदवल्यात मी."

आणि त्या मंगळवारी दिवेलागणीला, अंकिता अभ्यासाला बसलेली असताना, म्हातारीने दोघींना माझ्यात सरकवलं आणि कडी लावली.

मला काही वावगं वाटलं नाही, हे आधी सांगून टाकतो. उलट बरं वाटलं. पुन्हा उपयोगी पडलो ना! पण कोंबडी अंधार पडला की आंधळी होते. ह्या होत नाहीत. ह्यांना नाकानेच सगळं दिसतं. चिकू पळाली ती थेट माझ्या कोपऱ्यात. फेणी मधे, आणि फेणीच्या मागे माझं एकुलतं एक दार. ज्या फळ्यांनी मुंगसाला बाहेर ठेवलं, त्याच फळ्यांनी चिकूला आत धरून ठेवलं. ती माझ्यावर नखं घासत होती. चावली फेणी, पण कोपरा माझा होता.

सकाळी तुळजाबाईने कडी काढली. चिकूचा डावा कान फाटलेला, पाठीवर रक्त सुकलेलं. सून अनुष्काने तिला टोपलीत घालून स्कूटरवरून महाडला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. जखम भरेल, ते म्हणाले, पण हिने खाणं सोडलंय; पोटात काही गेलं नाही तर दोन दिवसही काढायची नाही.

अंकिता आजीशी बोलेना. आजीही "चुकलं" म्हणेना. पण पेंड पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने ती चिकूच्या तोंडात थेंब थेंब सोडत बसली. बुधवार गेला, गुरुवार गेला. चिकू एका पोत्यावर गोळा होऊन पडलेली. शुक्रवार उजाडला.

संध्याकाळी फोन वाजला. अंकिताने चिकूची उजवी बाजू कॅमेऱ्यापुढे धरली. "झोपलीये गं ती," म्हणाली.

तुळजाबाईने फोन काढून घेतला.

"मदिहा, मी अंकिताची आजी. नीट बघ. कान फाटलाय तिचा. फेणीने फाडला, पण बंद मी केलं दोघींना. पोरगी नको म्हणत होती. माझं चुकलं."

पलीकडून मग बारीक आवाज आला, "आजी, चिकू पळाली का नाय? आमच्याकडे मांजर शिरलं की ती पलंगाखाली एकीकडून शिरून दुसरीकडून निघायची."

म्हातारीने वळून माझ्याकडे पाहिलं. तेरा वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.

दारात उभी अनुष्का म्हणाली, "आई, ह्या घराला मागलं दार हाय म्हणून मी बारा वर्षं टिकले तुमच्यापाशी."

मी वाट पाहिली, आता भडका उडणार. म्हातारी हसली. "आणि मी बी टिकले तुझ्यापाशी. करवत आण."

तिने माझ्या पाठीला दुसरं दार पाडलं. दुखलं. दुखायलाच हवं होतं.

शनिवारी चिकूने कोथिंबिरीचं एक पान स्वतःहून ओढलं, तेव्हा अंकिता एवढ्या दिवसांत पहिल्यांदा "आजी!" अशी ओरडली.

मग सगळं पोरीच्या म्हणण्याप्रमाणे झालं. तीन आठवडे मधे जाळी. मग अंगणात, जिथे दोघींपैकी कुणाचाच वास नाही अशा जागी भेट. गवताचे दोन ढीग, पाण्याच्या दोन वाट्या. मला तर कढत पाण्याने असं घासलं, जणू सवच्या गरम झऱ्याच्या कुंडातच बुडवून काढलं. आता दोघी माझ्यात राहतात. मैत्रिणी झाल्या असं खोटं सांगणार नाही. हातभर अंतर ठेवून निजतात. फेणी पुढून शिरली की चिकू शांतपणे मागून बाहेर पडते.

माझ्यातून आता वारा आरपार जातो. किल्ला राहिलो नाही मी. तुम्हाला एकच सांगणं: कुणाला आपल्यात आणाल, सून असो की उंदीर, तर आधी तिला बाहेर पडायची वाट ठेवा. कडी मागाहून लावा.

तुळजाबाईने निदान तोंडाने कबूल केलं. मला तोंड नाही, नुसती दारं आहेत. त्या कोपऱ्यात, दोन फळ्यांच्या फटीत, चिकूचे चार तपकिरी केस अजून अडकलेले आहेत. घासताना ते निघाले नाहीत. मीही सोडले नाहीत.