गोठ्यापासून घरापर्यंत

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या डाकोटाच्या माळावरचा एक जुना तागाचा दोर. इथल्या इंग्रजीत मला 'लाइन' म्हणतात आणि काम बदललं की पुढे वेगळा शब्द जोडतात. उन्हाळ्यात माझ्यावर कपडे वाळायचे, तेव्हा मी 'क्लोथ्स लाइन'. हिवाळ्यात मला घरापासून गोठ्यापर्यंत ताणायचे, तेव्हा मी 'लाइफ लाइन'. हिमवादळात स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून माणसं मला धरून गुरांकडे जातात. हे दुसरं नाव ऐकलं की माझा ऊर भरून यायचा.

एका मार्चमध्ये लख्ख ऊन पडलं आणि घरधनीण इंगेबोर्गने कपडे वाळत घालायला मला गोठ्याच्या खिळ्यावरून सोडलं.

"आणि वादळ आलं म्हणजे?" तिचा नवरा हालवर म्हणाला.

"आलं तर तुझ्याच ओल्या विजारी धरून ये!"

दुपारी हालवर गोठ्यात अडलेल्या गाईपाशी होता आणि वादळ आलंच. तो सवयीने दाराबाहेर हात घालणार आणि मी तिथे नसणार, हे इंगेबोर्गच्या ध्यानात आलं. तिने कपडे भिरकावले, माझं एक टोक पडवीच्या खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि हाका मारत निघाली.

कमरेची गाठ घाईत बांधलेली. ती सुटली. मी बर्फात पडलो, ती पुढे चालतच राहिली. मला कुठलं ओरडता येतंय? फार भ्यालो मी.

मग कुणीतरी मला उचललं. त्या हाताला मोजा नव्हता. बोटं बर्फाहून गार होती. त्यांनी मला तिच्या मुठीत दिलं.

"हालवर? अरे, बोल की मेल्या!"

ती मला धरून घराकडे वळली. तिच्यामागे तो हातही माझ्यावरून सरकत होता. पायरीशी तिने वळून पाहिलं, तर कुणी नव्हतं.

वादळ ओसरल्यावर हालवर आला. "मी गोठ्यातून हललोच नाही. वासरू आडवं आलं होतं." तिचं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. "आपल्या आधी इथे आस्लाक राहायचा ना, तो अशाच वादळात याच अंगणात हरवला आणि गोठून मेला. त्याच्याकडे दोर नव्हता गं."

आता कपड्यांना तार आहे आणि मला बारा महिने कुणी सोडत नाही. वादळात तो हात अजून माझ्यावर येतो, पायरीपर्यंत चालतो आणि थांबतो. इंगेबोर्ग दार उघडून "ये ना आत," म्हणते. तो येत नाही.

माझा पीळ सुटत चाललाय. मित्रांनो, मी तुटायच्या आत मला बदला, पण इथे दोर असू द्या. तो अजून घरी पोहोचलेला नाही.