तिसरं कांडण

मी एक मुसळ बोलतोय. धावड्याच्या लाकडाचं, बाईच्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीचं, खालच्या टोकाला लोखंडी कडं बसवलेलं. माझं बोलणं सावकाश आहे. घाई मला कधी जमली नाही.

अहेरीहून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर, नाल्याच्या पलीकडे एक गाव आहे. तिथल्या जंगूनं मला घडवलं. तेव्हा त्याचं नवंच लग्न झालं होतं. घरातलं जुनं मुसळ त्याच्या बायकोला, कलाबाईला, जड पडायचं. ते जंगूच्या ध्यानात आलं. एक वाळका धावडा खांद्यावर घालून आणला आणि अंगणात बसून तासायला लागला. मधूनच तिला हाक मारायचा, "इकडं ये व, धरून पाह्य." ती यायची, मूठ आवळून बघायची, मान हलवायची. तो पुन्हा तासायचा. जिथं तिची मूठ बसते तिथं मी जरा बारीक आहे. दुसऱ्या कोणाच्या हाताला मी नीट बसत नाही.

माझं काम साधं. अंगणात पुरलेल्या उखळात धान घालायचं आणि मी वरून पडायचं. पहिल्या कांडणाला टरफल निघतं. दाणा उघडा होतो, पण त्याच्या अंगावर तांबूस साल राहते. दुसऱ्या कांडणाला ती साल निम्मी जाते. तिसऱ्याला सगळी जाते, दाणा पांढरा होतो आणि साल कोंडा होऊन सुपातून खाली पडते.

त्या घरात एक रीत होती. घरच्या माणसांनी पहिल्या कांडणाचा लाल भात खायचा. पाहुण्याला आणि पेनाला, म्हणजे त्यांच्या देवाला, तिसऱ्या कांडणाचा पांढरा. जो मानाचा, त्याच्यासाठी हात जास्त दुखवायचे. कलाबाई हे सासूकडून शिकली आणि तिनं ते कधी मोडलं नाही.

मग रस्त्यावर धानगिरणी आली. घरातल्या सगळ्यांना रोजच पांढरा भात मिळायला लागला. रोजच पाहुणे झाल्यासारखं त्यांना वाटलं असेल. मला कोणी दोष दिला नाही, टाकूनही दिलं नाही. जंगूनं मला वर वाशांना बांधून ठेवलं. वर्षातून एकदा, नवं खायच्या दिवशी, मला खाली काढायचे. पहिल्या धानाचा पेनाला दाखवायचा भात गिरणीतला चालत नाही. तेवढ्या एका दिवसासाठी मी वर्षभर धूर खात पडून राहायचो. तक्रार नव्हती.

जंगू म्हातारा झाला. मग वाळायला लागला. सारखं पाणी प्यायचा. गावची आशाताई दीपिका, तिनं बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासला आणि त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. साखरेचा आजार निघाला. परत आल्यावर दीपिका अंगणात बसून कलाबाईला समजावत होती. मी वरून ऐकत होतो.

"काकी, गोळी रोज द्यायची. चुकवायची नाई. अन् भात कमी. गिरणीचा पांढरा तर नकोच. डॉक्टर म्हनले, हातसडीचा द्या."

"हातसडीचा म्हंजे आपल्या मुसळाचा?"

"हो. पण एकच डाव कांडायचा. लाल राह्यला पायजे. त्या सालीतच गुण हाय."

जंगू खाटेवरून म्हणाला, "डॉक्टर शयराचा, अन् खायले सांगते माह्या बुढ्याचं खाणं."

"मंग तुमचा बुढा तुमच्यावून चांगला होता काका," दीपिका म्हणाली. तिघंही हसले.

त्याच दिवशी कलाबाईनं मला खाली उतरवलं. ओल्या फडक्यानं पुसलं, मोहाच्या बियांचं तेल चोळलं. तिचे हात थकले होते, पण मूठ बरोबर त्याच जागी बसली. मला काय वाटलं ते सांगता यायचं नाही. ज्यानं मला घडवलं, त्याच्या जिवासाठी मी आता पडणार होतो.

थोडे दिवस सगळं दीपिकानं सांगितलं तसं चाललं. एक कांडण, पाखडणं, लाल भात. जंगूचे दात थोडेच उरले होते. तो एकेक घास गाईसारखा चघळायचा.

"काय व, हे कोंबड्याचं खाणं मले काऊन?"

"कोंबड्या तरी काही म्हनत नाई. खा ना जी."

तो अर्धं ताट तसंच ठेवायचा. ती उरलेला भात बघत बसायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच कांडण. ती हटली नाही. तिची ती जिद्द मी हातातून ओळखायचो.

मग तिचा भाऊ आला. मंगरू त्याचं नाव, मोठ्या आवाजाचा, जीव लावणारा माणूस. जंगू त्याचा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, आणि भाटव्याची थट्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. कलाबाईनं रीतीप्रमाणे भावासाठी तिसऱ्या कांडणाचा तांदूळ काढला. दोन भांडी चुलीवर चढली. दोन ताटं शेजारी-शेजारी वाढली. एकात पांढरा, एकात लाल.

मंगरूनं एकदा या ताटाकडे पाहिलं, एकदा त्या.

"काय जी भाटवे, घर तुमचं, धान तुमचं, अन् पांढरा भात माह्यासाठी? काही चोरी-बिरी केली का तुमी?"

जंगू म्हणाला, "शक्कर झाली ना गा."

"शक्कर झाली त गोड खाऊ नका. भाताले काय शिक्षा?" मग बहिणीकडे वळला. "काऊन व बाई, भाटव्याले वावरातला गडी समजते का? आपल्या घरी आजाऱ्याले कोणी कोंडा वाढते का?"

सगळे हसले. जंगूसुद्धा हसला. कलाबाई हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि आमटीचं भांडं उचलून उगाच आत गेली.

मंगरूला काय दोष द्यायचा? तो जेवून, पाणी पिऊन, आपल्या गावी गेला. त्याच्या तोंडून निघालेली गंमत मात्र घरात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईनं धान कांडलं, पाखडलं. मी भिंतीला टेकायची वाट बघत होतो. पण तिनं लाल तांदूळ पुन्हा उखळात ओतला आणि मला उचललं. मला वाटलं, कोणी पाहुणा यायचा असेल. दुसरं कांडण झालं. पाखडून पुन्हा ओतला. तिसऱ्या कांडणाला ती माझ्याशीच बोलल्यासारखी पुटपुटली, "पेनाले पांढरा, पाहुण्याले पांढरा, अन् माह्या माणसाले लाल?"

त्या दिवशी जंगूनं ताट पुसून खाल्लं. "आज बरा लागला व," तो म्हणाला. "दात बसले वाटते."

"सवय झाली तुमाले," ती म्हणाली.

रोज तीन कांडणं व्हायला लागली. या वयात! तिचे खांदे दुखायचे, घाम डोळ्यात जायचा. गिरणी रस्त्यावरच होती, आणि ही बाई गिरणीत निघतो तसलाच पांढरा दाणा काढण्यासाठी माझ्याबरोबर झिजत होती. तिनं हे मायेनं केलं. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर राग तरी नीट करता आला असता.

मी लाकूड आहे. वर उचललं की वर जातो, सोडलं की पडतो. पडता पडता अडता आलं असतं, तर अडलो असतो. प्रत्येक घावाला मला कळत होतं की जंगूच्या कामाचं जे आहे ते मी सोलून काढतोय. सुपातून ते मातीत पडायचं आणि कोंबड्या धावून यायच्या. घरातलं सगळ्यात चांगलं औषध त्यांनाच लागू पडलं. अशा तुकतुकीत कोंबड्या गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या.

दीपिका यायची, थेंब तपासायची, तिच्या कपाळाला आठी पडायची.

"काकी, उतरत काऊन नाई? गोळी देता ना?"

"रोज देतो माय."

"अन् भात? हातसडीचाच ना?"

"मंग? हे पाह्य, मुसळ अजून गरम हाय."

दीपिकानं मला हात लावला. मी खरंच गरम होतो. तिचं समाधान झालं. मडक्यातला तांदूळ उघडून बघावा असं तिला वाटलं नाही. उखळ-मुसळ समोर असताना कोणाला वाटेल?

त्या क्षणाचं मला अजून लागतं. कलाबाई खोटं बोलली नव्हती. खोटं माझ्याकडून बोलवून घेतलं होतं. मला साक्षीला उभं केलं आणि माझ्या अंगाच्या उबेनं एका चांगल्या पोरीला फसवलं.

मोहाच्या दिवसांत जंगू फुलं वेचायला गेला आणि पायात काटा घेऊन आला. काटा निघाला, जखम राहिली. आधी लाल, मग काळी. त्याला दुखत नव्हतं, म्हणून तो म्हणायचा, काही नाही. दीपिकानं पाहिलं तेव्हा तिचा चेहराच उतरला. जंगूचा मुलगा दिनेश ट्रॅक्टर चालवतो, त्यानं मालकाची गाडी मागून आणली. दवाखान्यात जंगूच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला.

ते परत आले त्या दिवशी अंगणात सगळे बसले होते. जंगू खाटेवर, पायाला पांढरी पट्टी. दीपिका हळू आवाजात म्हणाली, "मले समजून नाई राह्यलं. गोळी होती, हातसडीचा होता, मंग एवढी साखर वाढली कशी?"

दिनेश चिडला होता. घाबरलेली माणसं चिडतात. "हातसडी-फातसडी काही नाई व ताई! हे समदं बोलाचं काम हाय. मायचे हात झिजले, अन् बापाचा अंगठा गेला. काय फायदा झाला, सांग!"

दीपिका कलाबाईकडे वळली. "काकी, लालच होता ना भात?"

मी भिंतीला टेकून होतो. मला वाटलं, आता. आता बोलेल. अंगठा गेला, पण पाय आहे, दुसराही पाय आहे. एक वाक्य पुरे होतं.

कलाबाईनं जंगूच्या पट्टीकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"हो," ती म्हणाली.

दिनेशनं मला उचललं. "उद्यापासून गिरणीचाच. अन् हे इथी नको मले." त्यानं मला परड्यात नेलं, कड्याचं टोक खाली करून मातीत ठोकलं आणि वालाचा वेल माझ्यावर चढवला.

तोच मी आता इथं उभा आहे. कडं गंजलं. मूठ बसायची त्या जागी वेलीनं विळखा घातला आहे. गावात आता बोलतात की जंगूनं हातसडीचा खाऊन पाहिला, काही झालं नाही. ज्यांच्या घरी कोणी सुरू केलं होतं, त्यांनीही सोडलं. मी औषध आहे असं मी म्हणत नाही. पहिल्याच कांडणावर थांबलो असतो तर अंगठा वाचला असता की नाही, ते मला ठाऊक नाही. पण मला करून बघू दिलं नाही, आणि करून पाहिलं असं सगळ्यांना सांगितलं. एवढंच माझं दुखणं आहे.

परड्यातून खाट दिसते. जंगू गिरणीचा भात खातो. काल त्यानं डावा पाय वर घेतला तेव्हा टाचेला भेग दिसली, कडेनं काळसर. कलाबाई ताट उचलायला आली होती. तिनंही पाहिली.

आज सकाळी ती शेंगा तोडायला आली. शेंगा तोडता तोडता तिचा हात वेलीखाली गेला आणि माझ्यावर थांबला. बराच वेळ थांबला. तिचे ओठ हलत होते. मी ऐकायला उभाच होतो.

खाटेवरून जंगूनं विचारलं, "काय करून राह्यली व तिथी?"

"शेंगा तोडून राह्यली," ती म्हणाली, आणि घरात गेली.

कलाबाई, माझं काही नको मनात आणू. मी इथंच कुजलो तरी चालेल, वालाला आधार होतोच आहे. मला परत घरात घेऊ नको, तेल लावू नको. पण दीपिका परवा येणार आहे. ती उंबऱ्यात बसली की तिला सांग. लाजेनं मान खाली घालून सांग, रडत सांग, कसंही सांग. ज्यानं तुझी मूठ मोजून मला बारीक केलं, त्याचा डावा पाय अजून वाचण्यासारखा आहे.