शिळ्या पाण्यातला फायटर

मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि मित्रांनो, माणसांच्या हातांवर माझा मुळीच विश्वास नाही. त्याला कारण आहे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात मी लिमलेटच्या गोळ्या सांभाळायचे. गोळी मागणारा हात एक आणि हळूच उचलणारा दुसरा, हे मी रोज बघितलं. पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि शेठने मला भंगारात काढलं. तिथून भगवानरावांनी मला उचललं.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. भगवानराव अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, घर बदलापूरला कात्रपमध्ये. मुलगी सासरी गेली, घर खायला उठलं, म्हणून बायकोच्या, द्रौपदीबाईंच्या, विरंगुळ्यासाठी त्यांनी निळा फायटर मासा आणला आणि माझ्यात सोडला. तो पंख पसरून फिरू लागला की येणारा-जाणारा थांबून बघायचा. गोळ्यांमुळे माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

पहिला मासा पंधरवड्यात गेला. दुसराही गेला. द्रौपदीबाई तर त्यांना पोटच्या पोरासारखं जपत. पहाटे नळ आला की कालचं शिळं पाणी मोरीत ओतायचं, हंडे घासायचे, ताजं भरायचं, हा त्यांचा नेम. त्यात मीही आले. मासा वाटीत, मी लख्ख घासलेली आणि थेट नळाखाली भरलेली. त्या पाण्याला जंतू मारायला टाकलेल्या औषधाचा उग्र वास यायचा. मासा तडफडून वर यायचा. मला संशय होता, पण बरणीला तोंड असून बोलता कुठे येतं!

बाईंचा संशय मात्र शेजारच्या शालनवर. ती दुपारची भांडी आटोपून माझ्यापाशी येऊन बसायची. तिसरा मासा मलूल झाला तशा बाई कडाडल्या.

"शालन, साबणाचे हात घालतेस ना गं पाण्यात?"

"नाही हो वहिनी, मी नुसती बघत असते!"

"मग मरतायत कसे? उद्यापासून नको येऊस."

शालन रडत गेली. मला फार वाईट वाटलं. तिचं बोटही पाण्याला लागलं नव्हतं.

मग बाईंना मलेरिया झाला. भगवानराव ड्युटीवर. बोलावलं नाही तरी शालन आली, पेज भरवली. ताजं पाणी तिने पिण्यासाठी झाकून ठेवलं. माझ्यातलं थोडं काढून कालच्या बादलीतलं तांब्याभर घातलं. बाई अंथरुणातून तिच्या हातांवर डोळा ठेवून होत्या. शिळं पाणी घालतेय, आता मासा मरणार आणि ही सापडणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मासा मेला नाही. रोज तसंच पाणी मिळत गेलं आणि आठवड्याभरात त्याने पंख उघडले. बाई उठून माझ्यापाशी आल्या. बादलीतल्या पाण्याचा वास घेतला, औषध उडून गेलेलं; मग नळाच्या पाण्याचा, तोच उग्र वास.

"शालन," त्या कशाबशा म्हणाल्या, "ताजं ताजं म्हणत मीच मारले गं."

मित्रांनो, माझं एवढं ऐका. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच माशाला द्या. सगळं एकदम बदलू नका, थंडीत गार ओतू नका. मासा मलूल दिसला तर आधी पाणी बघा, माणसं नंतर.

तो मासा पुढे पुष्कळ जगला. शालनही पुन्हा रोज येऊ लागली. पण माझ्याजवळ बसण्याआधी ती दोन्ही हात पुढे करायची. "कोरडे आहेत हं, वहिनी."

"नको गं दाखवूस," बाई म्हणायच्या.

ती तरीही दाखवायची.