आईच्या नावाची जात

वडिलांनी उमेदीची वर्षं समुद्राच्या पाण्याचे थेंब न्याहाळण्यात घातली आणि अखेर जे हाती लागलं, त्याला आपल्या बायकोचं नाव दिलं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. अंगावर चुन्याचे बारीक खवले, दोन शेपट्या हलवत सुळसुळ पोहणारा. नवी जात म्हणून पुस्तकांत नोंद झाली. पुढे बायको गेली, नाव राहिलं.

मुलगी बापाच्याच वाटेने गेली. तिने प्रयोगशाळेत दुसरी, फार आधीपासून माहीत असलेली जात वाढवत ठेवली होती. तिला शेपट्या नव्हत्या. जाड चकत्यांचं चिलखत घालून ती नुसती तरंगायची. एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर एका पेशीच्या अर्ध्या अंगावर जाड चकत्या, अर्ध्यावर आईच्या जातीचे खवले!  तिने दोन्ही जातींचा डीएनए ताडून पाहिला, तोही एकच निघाला. म्हणजे या दोन जाती नव्हत्याच. एकाच जिवाच्या आयुष्यातल्या दोन अवस्था. आणि शास्त्राचा नियम असा, की आधीचं नाव टिकतं, नंतरचं रद्द होतं.

"छापायला दे लवकर," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "असलं घबाड रोज मिळत नाही."

"बघू," म्हणत तिने त्या पेशी वाढवलेली बाटली बेसिनमध्ये रिकामी केली.

वर्षभराने दुसऱ्याच कुणी तो शोध छापला. वडिलांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून ठेवला.

"तुझ्याकडे हीच जात होती ना?"

"होती."

"मग तुला दिसलं नाही?"

नाही म्हणावं, तर वाढवलेल्या जिवाकडे नीट बघताही येत नाही असं ठरणार. "दिसलं होतं, बाबा," ती म्हणाली. "पण आईचं नाव जाणार होतं. तुम्हाला सोसलं नसतं."

"ते जायचंच होतं. तुझ्या हातून गेलं असतं, तर चारचौघांत छाती फुगवून सांगितलं असतं, पोरीने बापाची चूक काढली म्हणून. आता काय सांगू? पोरीने म्हाताऱ्याची कीव केली?"

"तसं नव्हतं..."

"एवढंच ओळखलंस मला!"

त्यानंतर ते तिच्याशी औषधांचं बोलत, गळक्या नळाचं बोलत. समुद्राचा विषय मात्र त्यांनी कायमचा टाकला. घरी आलेल्या पाहुण्यांनी मुलगी काय करते विचारलं, की तिच्यासमोरच म्हणत, "नोकरी करते कुठेतरी."