चिमीच्या फीची सवलत

प्राप्तिकराचं रिटर्न नाकारल्याचा संदेश आला तेव्हा चिमी प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळत होती. 'या विद्यार्थिनीच्या फीवरची करसवलत आधीच घेतली गेली आहे.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पीएचडीच्या फीची पै न् पै तिने स्वतः भरली होती, पोरांच्या उत्तरपत्रिका तपासून आणि ही भांडी विसळून. सवलतीचा परतावा आला नाही तर पुढच्या सत्राची फी भरता येणार नव्हती, आणि विद्यापीठाच्या यादीतून नाव कमी होणार होतं.

चोर शोधायला लांब जायला नको होतं. आजवर घरातल्या सगळ्यांची रिटर्नं दादाच भरायचा. विमा एजंट असल्यामुळे त्याला कागदपत्रांतलं सगळं कळतं असा घराचा समज होता, आणि तो दादानेच पसरवला होता. यंदा पहिल्यांदाच चिमीने आपलं आपण भरलं होतं. हात पुसून ती तडक त्याच्या घरी गेली.

"तुला मी माझ्यावर अवलंबून दाखवतो. दरवर्षीचंच आहे ते," टीव्हीवरची नजर न काढता दादा म्हणाला.

"चार वर्षं मी वेगळी राहते, दादा! फी मी भरते!"

"मग काय झालं? पैसे परक्याच्या घरात गेले का?"

"आणि मी विचारलं की सांगायचास, संशोधन करणाऱ्यांना काही मिळत नाही म्हणून?"

"अगं, त्यातूनच तर तुला वाढदिवसाला घड्याळ घेतलं."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर दादानेच. चिमीने मनगटावरचं घड्याळ काढून टीपॉयवर आपटलं.

"आत्ताच्या आत्ता दुरुस्ती कर. नाही तर उद्या फीच्या पावत्या घेऊन मी कर खात्यात जाते."

"घरचं भांडण चव्हाट्यावर नेशील? एवढं शिकवलं तुला..."

"तू?" चिमी इतकी ओरडली की वहिनी आतून धावत आली आणि दारातच थबकली.

दादाने तोंड पाडून लॅपटॉप उघडला. चिमी त्याच्या मागे उभी राहिली आणि तिचं नाव त्याच्या रिटर्नातून जाईपर्यंत हलली नाही. राग मात्र कमी झाला नव्हता.

ती निघणार तेवढ्यात वहिनीने खुर्ची ओढली.

"थांबा चिमाताई. माझ्या नावावर यांनी काय काय भरलंय, तेही बघा ना. मी आजवर नुसत्या सह्या करत आलेय."

दादाने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. चिमीने तो मनगटाशीच धरला.