गोबनेटचा अर्धा काप

मी एक जुनी करवत आहे. सुताराची नव्हे आणि लाकूडतोड्याचीही नव्हे. मी गोबनेटची.

मित्रांनो, ती गेल्याचं मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी डेरीबेगच्या रानात एका खोडात अर्ध्यावर अडकून उभी होते. अडकले होते म्हणजे चुकून नव्हे, ती गोबनेटची रीत होती. दिवसाचं शेवटचं खोड ती कधी पुरतं कापायची नाही. निम्मं कापायची, मला त्यातच ठेवायची, वरून तेलात भिजवलेलं गोणपाट गुंडाळायची आणि म्हणायची, "आता मला यावंच लागेल." आणि ती यायची. सव्वीस वर्षं, दर शनिवारी.

त्या मार्चमध्ये ती तीन शनिवार आली नाही. चौथ्या शनिवारी पावलं वाजली, पण ती तिची नव्हती. गोबनेट ओढ्यातल्या दगडांवरून न थांबता यायची. ही पावलं दर दहा-बारा ढांगांना थांबत होती आणि धापा टाकत होती. तो तिचा नवरा होता, मॉसी टांगेवाला. "देवानं घोडी दिलीय ती बघायला का?" असं म्हणून चर्चलासुद्धा टांग्यातून जाणारा माणूस. सव्वीस वर्षांत तो रानात वर कधी आला नव्हता.

त्यानं गोणपाट सोडलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

"गेली ती," तो म्हणाला. "मंगळवारी. इस्पितळात. तुला कोण सांगणार, म्हणून आलो."

मग त्यानं मला ओढलं. ओलं खोड फुगलं होतं, त्यानं माझं पातं घट्ट धरून ठेवलं होतं. मॉसीनं पुन्हा ओढलं. खोडावर पाय देऊन ओढलं.

"सोड की गं! तीपण अशीच होती. एकदा धरलं की धरलं."

शेवटी मी सुटले, तेव्हा माझे चार दाते तुटले आणि मॉसी चिखलात बसला. गोणपाट तिथंच राहिलं. त्यानं मला घरी नेलं आणि तबेल्यात, घोडीच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. धनुष्यासारखी वाकलेली लाल नळी आणि तिच्या खाली ताणून बसवलेलं पातं, एवढंच माझं शरीर. पातं आजवर सतरा वेळा बदललं, रंग तर कधीच उडाला, तरी मी तीच आहे. गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात गोबनेटनं मला उचललं, तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, "नवऱ्यासाठी का?"

"नवऱ्याच्या हातात करवत दिली तर तो आधी बोट कापेल आणि मग लाकूड शोधेल," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

मित्रांनो, समुद्रापलीकडच्या आमच्या केरी परगण्यात डोंगराखाली तळं आहे आणि तळ्यावर ओकचं रान आहे. ते सगळं मिळून राष्ट्रीय उद्यान. फार पूर्वी इथल्या एका जमीनदारानं आपल्या बागेत शोभेसाठी एक परदेशी झुडूप लावलं, ऱ्होडोडेंड्रॉन. जूनमध्ये त्याला जांभळी फुलं येतात आणि बघणाऱ्याचं भान हरपतं. पण ते बागेत राहिलं नाही. तुमच्याकडे घाणेरी माजते ना, तसंच हे माजलं. त्याची पानं इतकी दाट, की खाली उजेड पोचत नाही. जनावरंही त्याला तोंड लावत नाहीत. ओक उभे असतात, पण त्यांच्या खाली एकही नवं रोप येत नाही. डेरीबेगचं रान म्हणजे नुसत्या म्हाताऱ्यांचं गाव झालं होतं.

वनरक्षक ओर्लानं गावात माणसं मागितली, तेव्हा सुरुवातीला अकरा जण आले होते. झुडूप जमिनीलगत कापायचं, फांद्या ओढून ढीग रचायचा आणि पुढच्या वर्षी त्याच जागी येऊन बियांतून उगवलेली रोपं एकेक हातानं उपटायची. हे उपटणं महत्त्वाचं. कापायला सगळ्यांना आवडतं, आवाज होतो, झाड पडतं. उपटायला कुणाला आवडत नाही. कंबर धरते, चिलटं कानात शिरतात आणि काही केल्यासारखं दिसतही नाही. अकराचे सहा झाले, सहाचे तीन झाले आणि मग गोबनेट एकटी उरली.

तिनं ओढ्यापासून दुसऱ्या खडकापर्यंतचं रान मोकळं केलं. नवव्या वर्षी तिथं ओकचं पहिलं रोप आलं, माझ्या मुठीएवढं उंच. त्या दिवशी तिनं आपला सोडा ब्रेड आणि चहा लांब जाऊन उभ्यानंच घेतला. बसताना चुकून पाय पडला तर, अशी भीती तिला वाटत होती.

पुढे आणखी रोपं आली. बाहेरच्या कुणी तिला शाबासकी दिली नाही आणि तिनंही ती मागितली नाही. ओर्ला मात्र दर वर्षी यायची, रोपं मोजायची आणि तिच्याबरोबर चहा प्यायची.

घरात मात्र माझं नाव काढलं की भांडण व्हायचं. मॉसीचा धंदा पाहुण्यांवर चालायचा. पडका किल्ला, धबधबा, होडीतून बेटावर फेरी, हे सगळेच टांगेवाले दाखवायचे. मॉसीची स्वतःची अशी एक जागा होती. तळ्याच्या वळणावर, बरोबर डेरीबेगच्या पायथ्याशी, एक भलंथोरलं जांभळं झुडूप होतं. जूनमध्ये तो तिथं टांगा थांबवायचा, टोपी काढायचा आणि सांगायचा, की एका सरदाराच्या मुलीनं तळ्यात बुडालेल्या प्रियकराच्या आठवणीत हे लावलं. बायका डोळे पुसायच्या, फोटो काढायच्या. गोष्ट त्यानं एका पावसाळी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा रचली होती.

कापणीचा मोसम संपला की जूनमध्ये गोबनेट मला घरी आणायची, म्हणून टांग्यातलं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

"तुझी ती करवत माझ्या पोटावर चालतेय, गोबनेट."

"तुझ्या पोटाला ही पुरायची नाही, मॉसी. दोघांनी ओढायची मोठी आणावी लागेल."

"मस्करी नको. ते वळणावरचं तेवढं ठेव. सगळं रान तू घे. ते एक माझ्यासाठी ठेव."

घोडीच्या टापांचा आवाज तेवढा होत राहिला. मग गोबनेट म्हणाली, "बरं. ठेवलं."

त्या एका झुडपावर दर वर्षी किती बिया धरतात, हे तिला ठाऊक होतं. धुळीसारख्या बारीक बिया. वारा तळ्याकडून वर वाहतो, हेही तिला ठाऊक होतं. तरी तिनं ते ठेवलं आणि वर जे उगवलं ते निमूटपणे उपटत राहिली. माझ्या मालकिणीनं आयुष्यात एवढी एकच चूक केली आणि तीही डोळे उघडे ठेवून.

आता पुन्हा खिळ्याकडे येते. तीन वर्षं मी तिथं होते. गंज चढला, कोळ्यानं माझ्या नळीत घर केलं. मॉसी रोज सकाळी घोडीला दाणा घालायला यायचा आणि मान वर करायचा नाही.

मग एक दिवस बॅट आला. बॅट म्हणजे टांग्यांच्या अड्ड्यावरचा मॉसीचा जोडीदार, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारा.

"माझ्या जावयानं पब नवा केलाय," तो म्हणाला. "भिंतीवर जुन्या वस्तू लावतोय. नांगराचा फाळ आहे, कंदील आहे, कुणाच्या तरी आजोबांचं कमोडसुद्धा आहे."

"त्यावर बसायला तुला बोलावलंय का?"

"ऐक तर गड्या. गोबनेटची करवत तिथं लावू. खाली पितळी पाटी, तिचं नाव. लोक बघतील, विचारतील. इथं काय, घोडी बघतेय."

पितळी पाटीवर गोबनेटचं नाव, हे मॉसीच्या मनात भरलं असावं. तो म्हणाला, "देतो."

"आणि ते तेलकट गोणपाट असायचं ना तिचं? तेही आण. अस्सल दिसेल."

मित्रांनो, तेव्हा मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. भिंतीला टांगलेली करवत ही करवत नसते. ती फक्त करवतीच्या आकाराची वस्तू असते. माझे दाते कुणी हातात गिलास धरून कौतुकानं मोजावेत म्हणून केलेले नाहीत. खिळ्याला मी कंटाळले होते, पण निदान खालून घोडीचा वास यायचा. पितळी पाटी मला नको होती.

दुसऱ्या दिवशी, जूनमधल्या शनिवारी, मॉसीनं मला टांग्यात घातलं. पबकडे जाताना त्याला गोणपाटाची आठवण झाली. ते वर रानातच राहिलं होतं. पायथ्याशी त्यानं घोडी बांधली, मला खांद्यावर टाकलं आणि शिव्या देत चढायला लागला.

वर आला आणि त्याच्या शिव्या थांबल्या.

जिकडंतिकडं चकचकीत, हिरवी, घोट्याएवढी रोपं होती. ओकची नव्हेत. गोबनेटनं जिथं जिथं गुडघे टेकले होते, तिथं तिथं ती उगवली होती. आणि तिचं शेवटचं खोड, निम्मं कापलेलं, त्या कापावर साल चढवून जांभळ्या फुलांनी लगडून उभं होतं. कुजलेलं गोणपाट खाली पडलं होतं.

ओर्ला तिथंच एका खडकावर बसून रोपं मोजत होती.

"मॉसी? तुम्ही आणि इथं?"

"हे कुठून आलं?" मॉसीनं विचारलं. "तिनं तर सगळं साफ केलं होतं."

ओर्लानं हातातल्या पेन्सिलीनं खाली, तळ्याच्या वळणाकडे दाखवलं. तिथं मॉसीचं झुडूप गर्द जांभळं दिसत होतं.

"मग ते कापलं का नाही तुम्ही लोकांनी?"

"मी दर वर्षी विचारायचे. गोबनेट म्हणायची, ते माझ्या नवऱ्याचं आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. वरचं मी बघून घेईन. ती गेल्यावर तुम्हाला कोणत्या तोंडानं विचारणार होते मी?"

मॉसी खाली बसला. मग तो उठला, त्यानं तिच्या जुन्या कापात माझं पातं घातलं आणि ओढलं. तीन वर्षांचा गंज, तुटलेले चार दाते आणि करवत कशी धरायची हे ठाऊक नसलेला माणूस. ओर्ला मदतीला पुढे झाली.

"नको," तो म्हणाला. "एवढं माझं आहे."

खोड पडलं. बोट मात्र शाबूत राहिलं. गोबनेट असती तर तिला आश्चर्य वाटलं असतं.

पबला मी गेले नाही. दुकानात जाऊन मॉसीनं मला नवं पातं बसवलं, अठरावं. सोमवारी भर दुपारी टांग्यात चार पाहुणे असताना त्यानं वळणावर घोडी थांबवली, टोपी काढली आणि म्हणाला, "मंडळी, सरदाराच्या मुलीची गोष्ट खोटी आहे. ती मीच रचली. खरी गोष्ट आता बघा." मग सीटखालून मला काढलं आणि भर फुलांत शिरला.

मागून बॅटचा टांगा आला. "अरे, भ्रमिष्ट झालास का? जून आहे! हे पाडलंस तर लोक बघणार काय?"

"तुझं तोंड बघतील. तेही वर्षभर फुललेलं असतं."

"मॉसी, गड्या, आपल्या पोटाचा विचार कर!"

"पोटाला ही पुरायची नाही," मॉसी म्हणाला, आणि क्षणभर माझं पातं थांबलं. मग पुन्हा चालायला लागलं.

पाहुण्यांतली एक बाई रागानं लाल झाली. इतकी सुंदर फुलं, लाज वाटत नाही का, असं ती म्हणाली.

"वाटते," मॉसी म्हणाला. "फार उशिरा वाटली. चला वर, तुम्हाला ओकचं रोप दाखवतो. फोटो त्याचा काढा. आणि आलाच आहात तर दहा रोपं उपटून जा. ओकची सोडून."

दोघं बॅटच्या टांग्यात जाऊन बसले. दोघं वर आले, आणि त्या दोघांत ती बाई होती. तिनं बावीस उपटली.

आता मॉसीच्या टांग्यात कमी लोक बसतात. किल्ला तो लांबूनच दाखवतो, धबधब्याचा आवाज ऐकवतो आणि सगळ्यांना रानात घेऊन येतो. अड्ड्यावर त्याला हसतात. हसू देत. ओर्ला म्हणते, मॉसी, तुमचं वय एकाहत्तर, हे रान तुमच्या हयातीत मोकळं व्हायचं नाही. तो म्हणतो, माझ्या हयातीचा प्रश्न कुणी काढलाय? आणि माझ्या, या करवतीच्या, हयातीचा कुणी काढणार असेल, तर मला अजून एकोणिसावं पातं बसवता येतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचं तरी अवजार खिळ्याला टांगलेलं असेल. त्याला पितळी पाटी लावू नका. त्याचे दाते घासा आणि ज्याच्या हातातून ते सुटलं, त्याचं काम जिथं थांबलं तिथं ते घेऊन जा. हात दुखतील, दुखू देत.

आज शनिवार आहे. दिवस संपला. मॉसी खाली घोडीकडे गेला आणि मी मनगटाएवढ्या एका खोडात अर्ध्यावर उभी आहे, अंगावर नवं गोणपाट. ओढ्यापासून पहिल्या खडकापर्यंतचं रान साफ करून झालं आहे. पहिल्या खडकापासून दुसऱ्यापर्यंतचं सगळं बाकी आहे.