उताणे मासे

बाबा गेले आणि काकांना त्यांच्या माशांचा पुळका आला. बाबा होते तोवर ‘दादाचा पोरखेळ’ म्हणायचे.

गळाला आमिष म्हणून लावायचे लाकडी मासे बाबा स्वतः करत. खऱ्या माशाने चावा घेतला की रंग फुटतो, भेगेतून पाणी शिरतं आणि लाकूड फुगतं. बाबा ती जागा नीट वाळवून तेवढ्यापुरताच रंग देत, वर व्हार्निशचा पातळ हात मारत. दातांचे खड्डे मात्र बुजवत नसत. मग मासा बादलीत सोडायचे. सरळ तरंगला, तरच पास.

काकांचं मोटारी रंगवायचं गॅरेज आहे. त्यांना जगातली प्रत्येक वस्तू ठोकर बसलेला दरवाजा वाटते. “वहिनी, दादाच्या माशांचा डबा द्या. शोरूमसारखे करून आणतो,” म्हणाले. आईने दिला. शेवटचा, बाबांच्या हातून अर्धाच दुरुस्त झालेला मासा तेवढा मी आधीच काढून घेतला होता.

आज ते डबा घेऊन आले. खड्ड्यांत मोटारीच्या पोच्यांना लावतात ती लांबी भरलेली, वर लालभडक चकाकता रंग. बाबांची वर्षानुवर्षांची मेहनत नव्या स्कूटरसारखी झगमगत होती.

“कसे झालेत? ओळखू येतात का?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं.

ते खूश झाले. “आता तो एक राहिलेला आण. सेट पुरा करू.”

“दे गं,” आई म्हणाली. “एवढ्या हौसेने करतायत.”

मी पाण्याची बादली आणली आणि त्यांचा एक मासा आत सोडला. पाठीवर थापलेल्या लांबीच्या वजनाने तो गर्रकन उलटला. काकांनी बोटाने सरळ केला, तर पुन्हा उलटला.

“उताणा पडला की हो, भाऊजी,” आई म्हणाली.

“पाण्यात कुणी घालायला सांगितलं? शोभेचे आहेत ते!”

“मासे आहेत ते, काका.”

“फार शहाणी झालीस!”

आईने तो उताणा मासा बाहेर काढून डब्यात ठेवला. मग म्हणाली, “भाऊजी, तो एक राहू द्या.”

काका परत गेल्यावर मी बाबांचा ब्रश साफ केला. राहिलेल्या माशावर बाबांचं व्हार्निश कल्ल्याशी थांबलं होतं, तिथून पुढे मी लावलं. सांधा स्पष्ट दिसतो. काका म्हणाले असते, फिनिशिंग नाही.

पूर्ण वाळल्यावर आईनेच तो बादलीत सोडला. सरळ तरंगला.